स्त्रीबीजाचे वय आणि अंडाशयाचा प्रतिसाद : कुटुंबांसाठी माहिती

मूल हवे असूनही गर्भधारणा न होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. तरीही आपल्याकडे याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. भिलाई-दुर्ग परिसरातील घरांतही, मग ते मूळचे छत्तीसगढी असो वा पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त नागपूर-विदर्भातून येऊन येथे स्थिरावलेले मराठी घर असो, चित्र बहुधा एकच दिसते. प्रथम काही वर्षे वाट पाहिली जाते, नंतर नवससायास होतात, कोणीतरी सुचविलेली पुडी किंवा काढा सुरू होतो आणि अखेरीस डॉक्टरांकडे गेल्यावर ‘बीजे कमी आहेत’ असा अहवाल हाती येतो. तोपर्यंत बहुमोल काळ निघून गेलेला असतो आणि दोषाचा सगळा भार सुनेच्या माथी आलेला असतो.

या पत्रकाचा हेतू मर्यादित आहे. स्त्रीबीजांची संख्या आणि त्यांची गुणवत्ता या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्यांवर कशाचा परिणाम होतो, त्यांपैकी आपल्या हाती काय आहे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे येथे सांगितले आहे. हे पत्रक पती-पत्नींनी एकत्र वाचावे. घरातील वडीलधाऱ्यांनीही ते अवश्य वाचावे.

स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होत असतात. स्त्रीबीजांचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून सुमारे ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांपैकी १० ते २० लाख उरतात आणि पहिली पाळी येईपर्यंत ही संख्या तीन-चार लाखांवर येते. संपूर्ण आयुष्यात त्यांपैकी जेमतेम चारशे ते पाचशे बीजे परिपक्व होऊन अंडाशयाबाहेर पडतात. उरलेली आपोआप विरून जातात.

हा ऱ्हास पाळी सुरू असताना, गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असतानाही चालूच असतो. साधारण पस्तिशीनंतर त्याचा वेग वाढतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते. परंतु गर्भधारणेची क्षमता त्याच्या बरीच वर्षे आधीपासून मंदावलेली असते. ‘पाळी नियमित आहे, म्हणजे सर्व काही ठीक आहे’ हा समज म्हणूनच पुरेसा नाही.

गुणवत्ता म्हणजे काय?

फलनक्षम आणि निरोगी गर्भ घडविणाऱ्या बीजाला चांगल्या गुणवत्तेचे बीज म्हणतात. त्यात मुख्य भाग गुणसूत्रांचा असतो. बीजाने आपल्या ४६ गुणसूत्रांपैकी नेमकी २३ ठेवून उरलेली वेगळी काढायची असतात. हे विभाजन मुलीच्या जन्मापूर्वीच सुरू होते, मध्येच थांबते आणि बीज परिपक्व होण्याच्या वेळी, म्हणजे वीस, तीस किंवा चाळीस वर्षांनी पुढे सरकते. इतका दीर्घ काळ थांबलेल्या बीजातील गुणसूत्रांना जोडून ठेवणारे दुवे वयानुसार सैल होतात, तसेच पेशीला ऊर्जा पुरविणारी यंत्रणाही क्षीण होते. परिणामी गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढते. अशा बीजातून एकतर गर्भ राहत नाही, राहिला तर बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपात होतो, आणि क्वचित डाऊन सिंड्रोमसारखी स्थिती उद्भवते.

विशीत आणि तिशीच्या आरंभी दर पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते. चाळिशीपर्यंत ती दहात एक किंवा त्याहूनही कमी होते. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या २५ व्या वर्षी सुमारे १,२५० मध्ये एक, ३५ व्या वर्षी सुमारे ३५० मध्ये एक, तर ४० व्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक असते. हे आकडे भीती घालण्यासाठी दिलेले नाहीत. चाळिशीतही अनेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. मात्र गुणवत्तेवर सर्वांत मोठा परिणाम करणारा घटक वय हाच आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे.

तपासण्या काय सांगतात, काय सांगत नाहीत

अंडाशयातील साठ्याचा अंदाज घेण्यासाठी सामान्यतः तीन तपासण्या केल्या जातात.

* एएमएच : अंडाशयातील लहान पुटिकांमधून स्रवणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी. ती पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास आकडा काहीसा कमी येऊ शकतो, म्हणून तसे डॉक्टरांना सांगावे.
* सोनोग्राफी : पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान दोन्ही अंडाशयांतील लहान पुटिका मोजल्या जातात.
* एफएसएच : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली जाणारी संप्रेरकाची रक्ततपासणी. तिच्यासोबत इस्ट्रोजेनही तपासले जाते.

या तिन्ही तपासण्या संख्येविषयी बोलतात. बीज चांगले आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही. बीजाच्या गुणवत्तेचा थेट शोध घेणारी कोणतीही साधी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. समजा, एका २८ वर्षांच्या स्त्रीचा एएमएच ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आला आणि एका ४१ वर्षांच्या स्त्रीचा २.५ आला. अहवाल पाहून पहिली रडेल आणि दुसरी निश्चिंत होईल. प्रत्यक्षात पहिलीकडे बीजे थोडी असली, तरी ती तरुण आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य निकोप असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीकडे बीजे अधिक आहेत, पण त्यांचे वय ४१ वर्षांचे आहे. पहिलीने निराश होऊ नये, मात्र मूल हवे असल्यास विनाकारण लांबणीवर टाकू नये. दुसरीने आकड्यावर विसंबून वाट पाहत बसू नये.

अमेरिकेत ३० ते ४४ वयोगटातील, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. गर्भधारणेसाठी दर महिन्याला एकच चांगले बीज लागते, हे त्यामागचे साधे कारण. म्हणून केवळ कुतूहलापोटी किंवा ‘फर्टिलिटी पॅकेज’च्या जाहिरातीला भुलून ही तपासणी करू नये, आणि केवळ तिच्या आधारे स्वतःला ‘वांझ’ ठरवू नये.

अंडाशयाचा प्रतिसाद : कमी आणि अति

टेस्ट ट्यूब बेबी म्हणजेच आयव्हीएफ उपचारात संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढविली जातात. त्या औषधांमुळे किती बीजे वाढतात, याला अंडाशयाचा प्रतिसाद म्हणतात.

येथे एक शंका हमखास विचारली जाते, ‘इंजेक्शनांनी सगळी बीजे लवकर संपतील का?’ नाही. दर महिन्याला अंडाशयात पुटिकांचा एक गट वाढू लागतो. त्यांतील एक पुढे जाते व बाकीच्या विरून जातात. औषधे त्या महिन्यात विरून जाणाऱ्या पुटिकांनाच वाढण्याची संधी देतात. पुढील महिन्यांसाठी राखलेल्या साठ्याला ती हात लावत नाहीत. याच कारणामुळे, ज्या महिन्यात मुळात तीनच पुटिका उपलब्ध आहेत, त्या महिन्यात औषधाची मात्रा दुप्पट केल्याने दहा बीजे मिळत नाहीत. औषध साठा निर्माण करीत नाही.

इंजेक्शनांनंतर तीन किंवा त्याहून कमी बीजे मिळाल्यास त्याला सामान्यतः ‘कमी प्रतिसाद’ म्हटले जाते. अधिक वय, घटलेला साठा, अंडाशयावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, एंडोमेट्रिओसिस, तंबाखूचे सेवन आणि काही आनुवंशिक कारणे यांमुळे असे होते. कधी औषधाची मात्रा किंवा पद्धत त्या स्त्रीला अनुरूप नसते, तेव्हा पुढील वेळी पद्धत बदलल्यास प्रतिसाद सुधारतो. त्यामुळे पहिल्या प्रयत्नातील कमी प्रतिसाद हा अंतिम निकाल मानू नये.

याउलट पीसीओएस असलेल्या स्त्रियांत प्रतिसाद अति होऊ शकतो. इंजेक्शनांच्या काळात किंवा बीजे काढल्यानंतर पोट झपाट्याने फुगणे, तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. ही स्थिती गंभीर रूप घेऊ शकते.

मिळालेल्या प्रत्येक बीजाचा गर्भ होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सर्वसाधारणपणे दहा बीजे मिळाली, तर त्यांतील सुमारे आठ परिपक्व असतात, पाच-सहा फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. वय वाढते तसे यांतील निरोगी गर्भांचे प्रमाण घटते.

आपल्या देशात या विद्येचा इतिहास जुना आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. एकाहून अधिक बीजे मिळावीत म्हणून त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने वापरली होती. त्या वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ मात्र नैसर्गिक पाळीचक्रातील एकाच बीजापासून झाले होते. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. ज्यांच्या अंडाशयांचे कार्य थांबले होते, अशा स्त्रियांसाठी दात्या स्त्रीचे बीज वापरण्याची पद्धतही डॉ. हिंदुजा यांनी विकसित केली आणि १९९१ मध्ये त्यातून बाळ जन्मले. या पद्धतीतून एक गोष्ट जगभर सिद्ध झाली : दानातून मिळालेल्या बीजाचे यश मुख्यतः दात्या स्त्रीच्या वयावर अवलंबून असते, ते स्वीकारणाऱ्या स्त्रीच्या वयावर नव्हे. वयाचा खरा परिणाम बीजावर होतो, हे यावरून दिसते.

वयाव्यतिरिक्त अन्य कारणे

*पीसीओएस.* पाळी लांबणे, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे, वजनवाढ ही त्याची लक्षणे. येथे बीजांची संख्या कमी नसते, बीज वेळेवर बाहेर पडत नाही ही अडचण असते. वजन अधिक असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी घटविल्यावर अनेकींची पाळी सुधारते. साध्या गोळ्यांनीही पुष्कळ स्त्रियांना गर्भ राहतो, थेट आयव्हीएफकडे वळण्याची गरज सहसा नसते.

*एंडोमेट्रिओसिस.* गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. पाळीत असह्य वेदना आणि संबंधाच्या वेळी दुखणे ही लक्षणे असतात. अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ झाल्यास साठा घटतो. ती काढण्याच्या शस्त्रक्रियेनेही साठा आणखी कमी होऊ शकतो. म्हणून मूल हवे असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच त्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ‘पाळीत दुखायचेच’ असे म्हणून मुलींच्या वेदना दुर्लक्षित करू नयेत.

*कर्करोगावरील उपचार.* काही केमोथेरपी औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार अंडाशयाला हानी पोहोचवितात. तरुण स्त्री-रुग्णाने उपचार सुरू होण्यापूर्वीच बीजे किंवा गर्भ गोठवून ठेवण्याविषयी विचारावे.

*क्षयरोग.* जननेंद्रियांचा क्षयरोग आपल्या देशात वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो प्रामुख्याने गर्भनलिका आणि गर्भाशयाचे अस्तर बिघडवितो, कधी अंडाशयालाही बाधा पोहोचवितो. खोकला नसतानाही तो असू शकतो. शासकीय केंद्रांत क्षयरोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

*तंबाखू.* धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा एक ते चार वर्षे आधी थांबते आणि उपचारांत बीजे कमी मिळतात. आपल्याकडे स्त्रिया सिगारेट ओढत नाहीत, असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येणार नाही. छत्तीसगढमध्ये सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू घासणाऱ्या, महाराष्ट्रात मशेरी लावणाऱ्या आणि विदर्भात खर्रा खाणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. गुडाखू हे मंजन नव्हे. त्यात तंबाखू असते आणि हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात मिसळते. गरोदरपणात धूरविरहित तंबाखूमुळे कमी वजनाचे बाळ, अकाली प्रसूती आणि मृतजन्म यांचा धोका वाढतो. पतीच्या बिडी-सिगारेटचा धूरही पत्नीच्या श्वासातून आत जातो.

*वजन आणि अन्य आजार.* भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलता मानली जाते. स्थूलतेत इंजेक्शनांची मात्रा अधिक लागते आणि गर्भपाताचे प्रमाण वाढते. अतिशय कमी वजनातही पाळी बंद होऊ शकते. थायरॉईडचे विकार आणि अनियंत्रित मधुमेह यांवर गर्भधारणेपूर्वीच उपचार घ्यावेत.

तीन महिन्यांची पूर्वतयारी

वाढीस लागलेल्या पुटिकेला परिपक्व बीज देईपर्यंतच्या अखेरच्या टप्प्यास साधारण तीन महिने लागतात. पुरुषाचे शुक्राणू तयार होण्यासही सुमारे अडीच महिने जातात. म्हणून उपचार किंवा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी निदान तीन महिने दोघांनी पुढील काळजी घ्यावी.

* गुडाखू, खर्रा, गुटखा, बिडी-सिगारेट आणि मद्य दोघांनीही पूर्णपणे सोडावे.
* रोजच्या जेवणात डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळे, शेंगदाणे, दूध आणि चालत असल्यास अंडी-मासे असावेत. ‘बीज वाढविणारे’ असे कोणतेही विशिष्ट अन्न सिद्ध झालेले नाही.
* आठवड्याचे बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालावे.
* फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी स्त्रीने रोज घ्यावी. तिने बीजाची गुणवत्ता वाढत नाही, परंतु बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यास ती मदत करते.
* हिमोग्लोबिन तपासावे. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे.
* दोघांनीही सिकलसेलची तपासणी करावी. छत्तीसगढ आणि विदर्भात या आजाराचे वाहक पुष्कळ आहेत. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

‘बीजाची गुणवत्ता सुधारणारी’ म्हणून विकली जाणारी कोएन्झाइम क्यू-१०, डीएचईए यांसारखी पूरके सर्वांना उपयोगी पडतात, असा भक्कम पुरावा नाही. डीएचईए हे तर संप्रेरकच आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. अज्ञात पुड्यांत जड धातू किंवा स्टेरॉइड असण्याचा धोका असतो. सध्या कोणत्याही आजाराची औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद न करता, गर्भधारणेत चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

पतीची तपासणी आधी का?

वंध्यत्वाच्या प्रकरणांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाशी संबंधित कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत आढळते. वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित आणि एका दिवसात होणारी आहे. दोन ते सात दिवस संयम पाळून ती करावी. तरीही अनेक घरांत स्त्रीच्या डझनभर तपासण्या झाल्यावर पतीला एकदा विचारले जाते. हा क्रम बदलला पाहिजे.

भिलाईत या मुद्द्याला आणखी एक पैलू आहे. १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून हे गाव भट्टीच्या आचेवर जगते आहे. भट्टी, कोक ओव्हन किंवा ओतकामाजवळ दीर्घकाळ राहिल्याने वृषणांचे तापमान वाढते व शुक्राणूनिर्मिती घटू शकते. अशा विभागात काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप अवश्य सांगावे. व्यायामशाळांत घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांमुळे तर शुक्राणूनिर्मिती थांबूही शकते. रात्रपाळीमुळे पती-पत्नींची गाठच पडत नसेल, तर तेही संकोच न करता बोलावे. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात. पाळी संपल्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी संबंध आल्यास तारखा मोजत बसण्याची गरज राहत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

* स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असल्यास : एक वर्ष नियमित संबंध येऊनही गर्भ न राहिल्यास.
* वय ३५ ते ४० असल्यास : सहा महिन्यांनंतर.
* वय ४० किंवा अधिक असल्यास : प्रयत्न सुरू करतानाच.
* पाळी अनियमित किंवा बंद असल्यास, पाळीत तीव्र वेदना होत असल्यास, अंडाशयाची शस्त्रक्रिया, क्षयरोग अथवा कर्करोग पूर्वी झालेला असल्यास, आई किंवा बहिणीची पाळी चाळिशीपूर्वी थांबली असल्यास, वारंवार गर्भपात होत असल्यास : वयाचा विचार न करता लगेच.

पहिले मूल सहज झाले असले, तरी दुसऱ्या वेळी हेच नियम लागू होतात, कारण मधल्या काळात बीजांचे वय वाढलेले असते.

भिलाई-दुर्ग परिसरात आरंभ कोठून करावा?

छत्तीसगढमध्ये २००२ पासून कार्यरत असलेली मितानिन ताई ही पहिली ओळखीची व्यक्ती आहे. तिच्याशी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेशी बोलावे. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि वीर्यतपासणी यांसाठी दुर्ग जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पोलाद कारखान्याच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू चिकित्सालयाच्या स्त्रीरोग विभागात जाऊ शकतात. पुढील सल्ल्यासाठी रायपूरच्या एम्समध्ये स्त्रीरोग विभाग आहे. जुने अहवाल, सोनोग्राफीच्या प्रती व औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून सोबत न्याव्यात, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. पती-पत्नींनी एकत्र जावे.

खाजगी केंद्रात जाण्यापूर्वी

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. हे उपचार २१ ते ५० वयाच्या स्त्रीला आणि २१ ते ५५ वयाच्या पुरुषाला देता येतात. बीजदात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे लागते. तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि तिच्या शरीरातून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. बीजांची विक्री हा गुन्हा आहे. गरजू मुलींना पैशांचे आमिष दाखवून पुन्हा पुन्हा इंजेक्शने देणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. गर्भलिंगनिवड हाही गुन्हाच आहे.

पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

१. आमच्या बाबतीत नेमके कारण काय आढळले? साधा उपचार आधी करता येईल का?
२. या वयाच्या स्त्रियांत, दर प्रयत्नामागे, बाळ घरी नेण्याचे प्रमाण या केंद्रात किती आहे? (केवळ ‘गर्भ राहिला’ हे यश नव्हे.)
३. औषधे, भूल, गर्भ गोठविणे यांसह एकूण खर्च किती? विमा किंवा शासकीय योजनेतून त्यातील काही मिळेल का?
४. प्रतिसाद कमी आला किंवा अति आला, तर पुढे काय करणार?
५. रात्री त्रास झाल्यास कोणाला दूरध्वनी करायचा?

‘शंभर टक्के हमी’ देणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. कोणत्याही वयात, कोणत्याही केंद्रात अशी हमी देता येत नाही. आयव्हीएफ उपचाराने वाढलेल्या वयाची भरपाईही होत नाही, कारण त्यातही बीज त्या स्त्रीच्याच वयाचे असते.

घरातील मोठ्यांसाठी

बीजांचा साठा किती असावा, हे कोणत्याही स्त्रीच्या हाती नसते. लग्नाला उशीर का झाला, गोळ्या का घेतल्या, नोकरी का केली, असे प्रश्न विचारल्याने एकही बीज वाढत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी बीजे खराब होत नाहीत, हे वैद्यकशास्त्राने स्पष्ट केले आहे. ‘वांझ’ या शब्दाने मात्र माणूस खचतो. उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रिया दर महिन्याला पाळी आली की मूक शोक करीत असतात. त्या दिवशी त्यांना उपदेश नको असतो, कोणी शेजारी बसणे पुरेसे असते. मनावरचा ताण असह्य झाल्यास टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. छळ होत असल्यास १८१ या महिला साहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.

आपल्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट वेळ आहे. बीजांची संख्या वाढविणारे औषध अद्याप नाही आणि वय मागे नेणारा उपचारही नाही. पण योग्य वेळी, दोघांनी मिळून, योग्य ठिकाणी पहिले पाऊल टाकणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. सर्व प्रयत्नांनंतरही मूल न झाल्यास कायदेशीर दत्तकविधानाचा मार्ग खुला आहे, आणि मुलाविना जगणारे दांपत्यही पूर्ण कुटुंबच असते.

हे पत्रक माहितीपर आहे. निदान व उपचार यांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाचून झाल्यावर ते टाकून न देता शेजारच्या घरी द्यावे.